त्वरकातून न्यूट्रिनोंचा झोत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेले, पदार्थाशी क्वचितच टक्कर देणारे सूक्ष्म कण. इथली बहुतेक उदाहरणं जपानमधल्या टी-टू-के प्रयोगाची आहेत. इबाराकी प्रांतातल्या तोकाई इथे, जे-पार्क या त्वरकांच्या, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांच्या, संकुलात न्यूट्रिनो तयार होतात. २९५ किलोमीटरवरच्या कामिओका खाणीतला सुपर-कामिओकांदे डिटेक्टर ते टिपतो. अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेची पद्धत जिथे वेगळी आहे, तिथे तसं सांगितलं आहे. ऊर्जेचं एकक सगळीकडे गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे जीईव्ही.

न्यूट्रिनो तर सूर्यातून आणि वातावरणातून फुकट मिळतात. मग त्वरकाचा एवढा खटाटोप कशाला?

न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात: इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ. प्रवासात ते एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जातात, यालाच न्यूट्रिनो-दोलन म्हणतात. किती न्यूट्रिनो बदलतील हे कापलेलं अंतर भागिले ऊर्जा, या एका गुणोत्तरावर ठरतं. या प्रयोगांना हवा असलेला म्युऑन-न्यूट्रिनोंचा पहिला मोठा बदल दर जीईव्हीमागे सुमारे ५०० किलोमीटरला येतो.

वातावरणातल्या न्यूट्रिनोंवरूनच सुपर-कामिओकांदेने १९९८ मध्ये दोलनाचा भक्कम पुरावा दिला होता. पण तिथे न्यूट्रिनो कुठून निघाला, किती ऊर्जेचा होता, कधी निघाला, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. त्वरकाच्या झोतात अंतर पक्कं असतं, ऊर्जा निवडता येते आणि निघतानाचा प्रकारही ठाऊक असतो. वेळेचा फायदा तर फार मोठा आहे. टी-टू-केच्या झोताचा एक ठोका सुमारे ५ मायक्रोसेकंद टिकतो आणि दोन ठोक्यांमध्ये एक-दोन सेकंद जातात. डिटेक्टरने फक्त त्या ५ मायक्रोसेकंदांतल्या नोंदी पाहायच्या. बाकीच्या वेळात येणारे वैश्विक किरणांचे कण आपोआप बाद होतात आणि हा त्रास काही लाख पटींनी घटतो.

ही कल्पना कोणाची?

ब्रुनो पोन्तेकोर्वो आणि मेल्विन श्वार्ट्झ यांनी १९५९-६० च्या सुमारास ती स्वतंत्रपणे मांडली. १९६२ मध्ये ब्रुकहेवन इथे लेडरमन, श्वार्ट्झ आणि स्टाइनबर्गर यांनी त्वरकातून न्यूट्रिनो काढून म्युऑन-न्यूट्रिनो हा इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोहून वेगळा कण आहे हे दाखवलं. बाकीचे सगळे कण अडवायला त्यांनी सुमारे १३.५ मीटर जाडीची पोलादी भिंत उभी केली होती. १९८८ चं नोबेल याच कामासाठी. लांब पल्ल्याच्या झोताचा पहिला प्रयोग के-टू-के. तो जपानमध्येच १९९९ मध्ये २५० किलोमीटर अंतरावर सुरू झाला.

झोत प्रत्यक्षात तयार कसा होतो? पायऱ्या क्रमाने सांगाल का?

सुरुवात हायड्रोजनच्या ऋण आयनांपासून होते. सरळ रेषेतला त्वरक त्यांना ०.४ जीईव्हीपर्यंत नेतो. पुढच्या वर्तुळाकार यंत्रात शिरताना एका पातळ पडद्यावर त्यांचे इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि उरतात ते प्रोटॉन. हे यंत्र त्यांना ३ जीईव्हीपर्यंत आणि सुमारे १.६ किलोमीटर परिघाचं मुख्य वलय ३० जीईव्हीपर्यंत पोचवतं. वलयात प्रोटॉनचे आठ गठ्ठे फिरत असतात. किकर चुंबक हे आठही गठ्ठे एकाच फेरीत बाहेर काढतात.

बाहेर आलेला झोत कामिओकाच्या दिशेला नसतो. त्याला सुमारे ८० अंश वळवावं लागतं आणि तेवढ्या जागेत साधे चुंबक पुरत नाहीत, म्हणून तिथे अतिवाहक चुंबकांची रांग आहे. वळण संपल्यावर झोत किंचित खाली वाकवला जातो, टायटॅनियमच्या खिडकीतून हेलियमने भरलेल्या पात्रात शिरतो आणि ग्राफाइटच्या दांडीवर, म्हणजे टार्गेटवर, आदळतो. टक्करीतून मुख्यतः पायॉन आणि थोडे केऑन हे अल्पायुषी कण निघतात. हॉर्न नावाचे चुंबक त्यांना पुढच्या दिशेला गोळा करतात. मग ते क्षय-बोगद्यातून उडत जातात आणि वाटेत त्यांचा क्षय होतो, म्हणजे ते दुसऱ्या कणांत बदलतात. धन पायॉनचा क्षय झाला की एक धन म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखा, पण जड कण) आणि एक म्युऑन-न्यूट्रिनो मिळतो.

बोगद्याच्या शेवटी ग्राफाइट आणि लोखंडाचा अडसर असतो. उरलेले प्रोटॉन, पायॉन आणि बहुतेक म्युऑन तिथे थांबतात. न्यूट्रिनो तेवढे पुढे जातात.

न्यूट्रिनोला विद्युतभारच नाही, मग त्याला दिशा कशी देतात?

न्यूट्रिनोला देता येतच नाही. तो जन्मला की त्याच्यावर कुणाचाही ताबा उरत नाही. वळवणं, गोळा करणं, निवडणं, मोजणं, जे काय करायचं ते पायॉन जिवंत आहे तोवरच. थांबलेल्या पायॉनचं सरासरी आयुष्य २६ नॅनोसेकंद असतं, वेगामुळे ते आपल्या घड्याळात काही पटींनी लांबतं, इतकंच. न्यूट्रिनो-झोताचं सगळं तंत्र या मर्यादेभोवती उभं आहे.

त्यातला कळीचा भाग म्हणजे हॉर्न. सिमोन फान डेर मेर यांनी १९६१ मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत तो शोधून काढला. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, एकात एक बसवलेल्या दोन नळ्या, अशी त्याची रचना. विद्युतप्रवाह आतल्या नळीतून जातो आणि बाहेरच्या नळीतून परत येतो. त्यामुळे फक्त दोन नळ्यांमधल्या पोकळीत अक्षाभोवती गोल फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ३२० किलोअँपिअर प्रवाह असताना अक्षापासून ३ सेंटिमीटरवर ते सुमारे २.१ टेस्ला भरतं. टार्गेटमधून तिरके निघालेले धन पायॉन या क्षेत्रात अक्षाकडे वळतात आणि ऋण पायॉन बाहेर फेकले जातात. प्रवाह उलटा केला की ऋण पायॉन गोळा होतात आणि झोत प्रतिन्यूट्रिनोंचा, म्हणजे न्यूट्रिनोंच्या प्रतिद्रव्य-जोडीदारांचा, होतो.

आतल्या नळीची जाडी हा नेहमीचा पेच असतो. पायॉन तिच्या भिंतीतूनच पार होतात, म्हणून ती पातळ हवी. प्रत्येक ठोक्याला चुंबकीय दाब, प्रवाहाची उष्णता आणि कणांची उष्णता एकदम बसते, म्हणून ती मजबूतही हवी. टी-टू-केमध्ये ही जाडी ३ मिलिमीटर आहे. एवढा प्रवाह सतत ठेवला तर नळी वितळेल. म्हणून कपॅसिटरमध्ये साठवलेला भार काही मिलिसेकंदांच्या ठोक्यात सोडतात आणि त्याच्या ऐन शिखरावर प्रोटॉन आणतात. आतल्या नळीवर बारीक तोट्यांमधून पाण्याचे फवारे सतत चालू असतात. टी-टू-केला असे तीन हॉर्न आहेत आणि पहिल्याच्या पोटातच टार्गेट बसवलेलं आहे. हॉर्न बंद ठेवले तर दूरच्या डिटेक्टरकडे जाणारे हव्या त्या ऊर्जेचे न्यूट्रिनो सुमारे १६ पटींनी कमी होतात.

टार्गेट ग्राफाइटचंच का? जड धातू घेतला तर जास्त टक्करी होणार नाहीत का?

टक्करी कमी लांबीत होतील, पण उष्णताही कमी जागेत साठेल आणि निघालेले पायॉन त्याच धातूत पुन्हा अडकतील. कार्बन हलका आहे, उष्णतेच्या धक्क्याने सहजी तडकत नाही आणि कमालीचं तापमान सोसतो. बेरिलियमही चालतं. फर्मीलॅबच्या कमी ऊर्जेच्या बूस्टर झोताला तेच वापरतात.

टी-टू-केची दांडी ९१.४ सेंटिमीटर लांब आणि २.६ सेंटिमीटर व्यासाची आहे. या लांबीत सुमारे ८५ टक्के प्रोटॉन टक्कर देतात. आणखी लांब केली तर टक्करी थोड्याच वाढतात, पण पायॉन हॉर्नच्या केंद्रापासून दूर निघतात आणि नीट गोळा होत नाहीत. जाडी वाढवली तर पायॉन बाजूने बाहेर पडण्याआधी शोषले जातात. कमी केली तर सुमारे ४ मिलिमीटर पसरट असलेल्या झोताच्या कडा दांडीबाहेर जातात.

दांडी थंड ठेवायला हेलियम वायू वेगाने फिरवतात. पाणी टाळतात, कारण झोताच्या वाटेत पाणी असेल तर प्रत्येक ठोक्याला त्यात दाबाची लाट उठते. हवा चालत नाही, कारण तापलेलं ग्राफाइट हवेत जळतं. शिवाय दांडी फार थंड ठेवायचीच नसते. प्रोटॉनच्या माऱ्याने ग्राफाइटच्या स्फटिकातले अणू जागचे हलतात, आणि काही शे अंश तापमानाला त्यातले बरेचसे परत जागेवर येतात. म्हणून टार्गेट मुद्दाम तापतं राहील अशी रचना करतात.

क्षय-बोगदा किती लांब असावा?

पायॉनच्या ऊर्जेवर अवलंबून आहे. २ जीईव्हीचा पायॉन क्षयापूर्वी सरासरी ११० मीटर जातो, १० जीईव्हीचा सुमारे ५६० मीटर. म्हणून टी-टू-केचा बोगदा ९६ मीटरचा, तर जास्त ऊर्जेसाठी बांधलेली फर्मीलॅबच्या नुमी झोताची नळी ६७५ मीटरची. गरजेपेक्षा लांब केली तर पायॉनमधून निघालेले म्युऑनही आतच क्षय पावू लागतात आणि झोतात नको असलेले इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो मिसळतात. आत हेलियम भरतात, म्हणजे पायॉन हवेच्या अणूंवर वाया जात नाहीत. हवा असती तर किरणोत्सारी वायू आणि धातू गंजवणारी नायट्रोजनची ऑक्साइडंही तयार झाली असती.

झोतात फक्त म्युऑन-न्यूट्रिनोच असतात का?

नाही, आणि हा मुद्दा हलक्यात घेण्याजोगा नाही. म्युऑनच्या आणि केऑनच्या क्षयातून थोडे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो सुरुवातीपासूनच येतात. टी-टू-केच्या मुख्य ऊर्जेच्या आसपास त्यांचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. पण दोलनातून आलेले इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोही काही टक्केच असतात, त्यामुळे ही भेसळ नेमकी किती हे ठाऊक असावंच लागतं.

प्रतिन्यूट्रिनोंचा झोत आणखी अवघड. धन प्रोटॉन आदळल्यामुळे टार्गेटमधून ऋण पायॉन मुळात कमी निघतात. प्रतिन्यूट्रिनोंची पदार्थाशी टक्कर होण्याची शक्यता या ऊर्जेला न्यूट्रिनोंच्या निम्म्याहूनही कमी असते. आणि हॉर्नच्या मधोमध, जिथे क्षेत्र शून्य असतं, तिथून सरळ निघून जाणारे धन पायॉन साधे न्यूट्रिनो मिसळतात, जे जास्त सहज टक्कर देतात. म्हणून सारखेच प्रोटॉन वापरूनही प्रतिन्यूट्रिनोंच्या नोंदी फार कमी हाती लागतात.

झोताचा नेम डिटेक्टरवर न धरता बाजूला धरतात, असं वाचलं. ते का?

खरं आहे, टी-टू-केचा अक्ष सुपर-कामिओकांदेपासून २.५ अंश बाजूला ठेवलेला आहे. पायॉनचा क्षय दोनच कणांत होतो, त्यामुळे न्यूट्रिनोची ऊर्जा पायॉनच्या ऊर्जेवर आणि दोघांमधल्या कोनावर पक्की ठरते. अगदी समोर पाहिलं तर पायॉन जितका वेगवान तितका न्यूट्रिनो जास्त ऊर्जेचा, म्हणजे सगळ्या ऊर्जांची सरमिसळ. थोड्या कोनात पाहिलं की ही वाढ एका मर्यादेवर थांबते. जीईव्हीतली ती मर्यादा काढायची तर ०.०२९८ ला रेडियनमधल्या कोनाने भागायचं. २.५ अंश म्हणजे ०.०४३६ रेडियन, म्हणून उत्तर ०.६८ जीईव्ही. पायॉन कितीही जोरात असो, त्या कोनात त्याचा न्यूट्रिनो याच्या वर जात नाही.

परिणामी बहुतेक न्यूट्रिनो ०.६ जीईव्हीच्या आसपास गोळा होतात आणि २९५ किलोमीटरला दोलनाचा जोर नेमका तिथेच असतो. जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो कमी झाल्याने त्यांच्या टक्करीतून निघणारे उदासीन पायॉनही कमी होतात. हे पायॉन डिटेक्टरमध्ये इलेक्ट्रॉनसारखेच दिसतात. फर्मीलॅबच्या नोव्हा प्रयोगातही हीच युक्ती आहे: ८१० किलोमीटर अंतर, १४ मिलिरेडियन कोन, सुमारे २ जीईव्ही ऊर्जा.

याची किंमतही मोजावी लागते. अक्ष १ मिलिरेडियन हलला तर न्यूट्रिनोंची ऊर्जा दोन टक्क्यांहून जास्त सरकते, म्हणून दिशा त्याहून चोख धरावी लागते.

‘साडेसातशे किलोवॅटचा झोत’ म्हणजे नेमकं काय?

प्रोटॉनची ऊर्जा गुणिले एका ठोक्यातले प्रोटॉन, भागिले दोन ठोक्यांमधला वेळ. एका ठोक्यात ३० जीईव्हीचे सुमारे २६० लाख कोटी प्रोटॉन धरा. त्यांची एकूण ऊर्जा होते साडेबारा लाख जूल, म्हणजे चार लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला लागते तेवढी, आणि ती येते ५ मायक्रोसेकंदांत. दर २.४८ सेकंदाला असा एक ठोका दिला की साधारण ५०० किलोवॅट होतात. मुख्य वलयाचे वीजपुरवठे बदलून हा वेळ १.३६ सेकंदांवर आणला आणि २०२३ च्या अखेरीस ७५० किलोवॅटचा टप्पा ओलांडला गेला. फर्मीलॅब १२० जीईव्हीचे प्रोटॉन वापरते, त्यामुळे तिथे एका ठोक्यात ५० लाख कोटींच्या आसपास प्रोटॉन असले तरी शक्ती तेवढीच भरते.

आकडा वाढवण्याचे दोनच मार्ग आहेत: ठोक्यात जास्त प्रोटॉन भरणं किंवा ठोके लवकर देणं. पहिल्यात प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात, झोत फुगतो, काही प्रोटॉन नळीच्या भिंतीला लागतात आणि यंत्र किरणोत्सारी होऊन दुरुस्तीला जवळ जाता येत नाही. दुसऱ्याला नवे वीजपुरवठे लागतात, म्हणजे पैसा लागतो, पण टार्गेटवरचा एकेका ठोक्याचा धक्का वाढत नाही. आमच्या मते दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा आहे आणि ७५० किलोवॅट गाठायला जे-पार्कने तोच धरला.

न्यूट्रिनो दिसत नाहीत, मग झोत नीट चालला आहे हे कसं कळतं?

तीन ठिकाणी पाहतात. टार्गेटच्या अगदी आधी टायटॅनियमचा ५० मायक्रोमीटर जाडीचा पडदा तिरका बसवलेला असतो. प्रोटॉन त्यातून जाताना प्रकाश निघतो, तो आरशांच्या मालिकेने बाहेर कॅमेऱ्यात आणतात आणि प्रोटॉन दांडीच्या मधोमध आहेत का ते पाहतात. दुसरी जागा अडसराच्या मागे. ५ जीईव्हीपेक्षा जास्त ऊर्जेचे म्युऑन अडसर पार करून येतात. सिलिकॉन डिटेक्टर आणि आयनीकरण-कक्ष त्यांचा मध्य दर ठोक्याला शोधतात. म्युऑन आणि न्यूट्रिनो एकाच पायॉनमधून निघतात, म्हणून म्युऑनचा मध्य सरकला तर न्यूट्रिनोंचाही सरकला असं समजायचं.

तिसरी जागा २८० मीटरवरच्या जवळच्या डिटेक्टरांची. इन्ग्रिड नावाचा डिटेक्टर अक्षावर बसून न्यूट्रिनोंच्याच नोंदींवरून दिशा मोजतो, आणि दुसरा, चुंबकातला डिटेक्टर सुपर-कामिओकांदेच्याच दिशेला, अडीच अंशांवर असतो.

इतकं करूनही टार्गेटमधून कोणत्या कोनात किती पायॉन निघाले हे नुसत्या गणिताने पुरेसं अचूक येत नाही. म्हणून टी-टू-केच्या टार्गेटसारखीच दांडी सर्नमधल्या एनए-६१ प्रयोगात ठेवून तिच्यावर त्याच ऊर्जेचे प्रोटॉन सोडले आणि निघालेले कण मोजले. त्यामुळे झोताच्या अंदाजातली अनिश्चितता सुमारे ५ टक्क्यांवर आली. या क्षेत्रातलं हे सर्वांत कमी चर्चेत असलेलं आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

काय काय बिघडतं?

सगळ्यात जास्त त्रास पाण्याचा. नुमी झोत २००५ मध्ये सुरू झाला आणि लगेचच पहिल्या टार्गेटच्या थंड करणाऱ्या नळीतून पाणी गळून टार्गेटच्या डब्यात साचलं. हेलियमचा दाब देऊन पाणी बाहेर रोखत काम पुढे न्यावं लागलं. पुढेही तिथली काही टार्गेटं गळतीमुळेच बदलावी लागली. हजारो-लाखो ठोक्यांनी बारीक नळ्यांचे जोड थकतात, हे त्यामागचं कारण.

हॉर्नमध्ये नळ्यांपेक्षा त्यांना प्रवाह पोचवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आधी दगा देतात. दर ठोक्याला त्या एकमेकींना झटका देतात आणि कोट्यवधी झटक्यांनंतर वाकणाच्या जागी चीर पडते. फवाऱ्याचं पाणी किरणोत्सर्गाने फुटून हायड्रोजन सुटतो. तो साचू दिला तर स्फोटाचा धोका, म्हणून उत्प्रेरकावरून फिरवून त्याचं परत पाणी करतात.

ग्राफाइट तर झिजतच असतं. नुमीच्या एका टार्गेटमधून निघणारे न्यूट्रिनो हळूहळू कमी होत गेले, आणि ते लक्षात आलं जवळच्या डिटेक्टरमुळे. बाहेरून दांडी शाबूत दिसली तरी आतलं पीठ झालेलं असू शकतं.

ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, हाही कायमचा प्रश्न. लोखंडी आणि काँक्रीटच्या आवरणात तो तयार होतो आणि हवेतल्या ओलाव्याबरोबर पाण्यात उतरतो. फर्मीलॅबमध्ये २००५ च्या अखेरीस परिसरातल्या एका ओढ्यात त्याचं अल्प प्रमाण आढळलं. ते मर्यादेपेक्षा खूपच कमी होतं, पण त्यानंतर टार्गेटच्या दालनातली हवा कोरडी करून ते पाणी वेगळं काढण्याची व्यवस्था झाली.

झोत भलतीकडे जाण्याची भीती सर्वांत मोठी. जे-पार्कच्याच दुसऱ्या एका दालनात २३ मे २०१३ रोजी २ सेकंदांवर पसरून यायचे प्रोटॉन ५ मिलिसेकंदांत आले, सोन्याच्या टार्गेटचा काही भाग वितळला आणि किरणोत्सारी द्रव्य बाहेर पडलं. न्यूट्रिनोंचा झोतही त्यामुळे दीर्घकाळ बंद राहिला. म्हणून टार्गेटच्या आधी मधोमध भोक असलेला ग्राफाइटचा जाड ठोकळा असतो. नेम चुकलेले प्रोटॉन त्यावर आदळतात, हॉर्नवर नाही. शिवाय कुठल्याही मापकाने गडबड दाखवली की पुढचा ठोका आपोआप अडवला जातो.

बिघडलेला भाग हाताने काढता येत नाही. टार्गेट, हॉर्न आणि त्यांच्यावरची आवरणं दूरनियंत्रित क्रेनने उचलून जाड भिंतींच्या कोठडीत नेतात. म्हणून प्रत्येक नळीचा, प्रत्येक बोल्टचा जोड यांत्रिक हाताला सोडवता येईल असाच आखावा लागतो. हे सुरुवातीला सुचलं नाही तर नंतर उपाय नसतो.

एवढं करून दूरच्या डिटेक्टरमध्ये किती न्यूट्रिनो सापडतात?

सुपर-कामिओकांदेत ५०,००० टन पाणी आणि त्याकडे रोखलेल्या सुमारे ११,००० मोठ्या, प्रकाश टिपणाऱ्या नलिका आहेत. टी-टू-केने २०१३ मध्ये २८ इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो नोंदवले, तेव्हा इतर कारणांनी पाचच्या आसपास अपेक्षित होते. म्युऑन-न्यूट्रिनोंपासून इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो प्रकटतात हे त्यातून पक्कं झालं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंच्या ९० आणि प्रतिन्यूट्रिनोंच्या १५ नोंदी होत्या. त्यासाठी टार्गेटवर आदळलेले प्रोटॉन १० च्या २१व्या घाताच्या तिपटीहून थोडे जास्त.

द्रव्य आणि प्रतिद्रव्य वेगळं वागतं का, हा प्रश्न याच दोन आकड्यांच्या तुलनेतून सोडवायचा आहे. टी-टू-केचा कल ‘वेगळं वागतं’ याकडे आहे. टी-टू-के आणि नोव्हा यांनी आपली माहिती एकत्र करून २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांच्या वर्गांमधला फरक त्यात दोन टक्क्यांपेक्षा चोख मिळाला, पण तीन न्यूट्रिनोंपैकी सर्वांत जड कोण हे त्यातूनही ठरलं नाही.

न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने धावले होते ना?

नाही. सर्न ते इटलीतली ग्रान सासो प्रयोगशाळा, या ७३० किलोमीटरच्या झोतात ऑपेरा प्रयोगाला २०११ मध्ये न्यूट्रिनो ६० नॅनोसेकंद लवकर आल्यासारखे दिसले. २०१२ मध्ये कारण सापडलं: घड्याळाचा संदेश आणणारी प्रकाशतंतूची केबल नीट बसलेली नव्हती. त्याच ऑपेराचं खरं मोठं काम म्हणजे म्युऑन-न्यूट्रिनोंच्या झोतात प्रकटलेले टाऊ-न्यूट्रिनो टिपणं.

शेकडो किलोमीटरचा बोगदा खणतात का?

नाही. खणायचं ते फक्त टार्गेट, क्षय-बोगदा आणि डिटेक्टर यांच्यापुरतं. झोत खडकातून सरळ जातो. पृथ्वी गोल असल्याने त्याला खाली झुकवावं लागतं. अंतराला पृथ्वीच्या व्यासाने, म्हणजे १२,७४२ किलोमीटरने, भागलं की झुकाव रेडियनमध्ये मिळतो. ७३५ किलोमीटरला ३.३ अंश, १,३०० किलोमीटरला ५.८ अंश. १,३०० किलोमीटरच्या वाटेत झोत मधल्या भागात ३० किलोमीटरहून खोल असतो.

घराखालून झोत गेला तर काही अपाय होईल का?

१ जीईव्हीचा न्यूट्रिनो अख्खी पृथ्वी आरपार गेला तरी टक्कर होण्याची शक्यता साधारण ३०,००० मध्ये एक. माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या सुमारे ८ लाख कोटी न्यूट्रिनोंमागे एखादाच काही करतो, आणि दूर अंतरावर झोत काही किलोमीटर रुंद पसरलेला असतो. अपायाची शक्यता प्रोटॉनच्या बाजूला असते: टार्गेटचं दालन, थंड करणारं पाणी, तिथली हवा. सुरक्षेबद्दल प्रश्न विचारायचे तर ते याच गोष्टींबद्दल विचारावेत.

पुढे काय येतंय?

जपानमध्ये २,६०,००० टन पाण्याचा हायपर-कामिओकांदे बांधला जातो आहे, झोत तोकाईचाच. अमेरिकेत फर्मीलॅबपासून १,३०० किलोमीटरवर, साउथ डकोटातल्या जुन्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत ड्यून प्रयोग उभा राहतो आहे: दीड किलोमीटर खोलीवर द्रवरूप आर्गॉनच्या प्रचंड टाक्या. डिटेक्टरच्या गुहांचं खोदकाम २०२४ मध्ये पूर्ण झालं. झोताची आखणी १.२ मेगावॅटची असून पुढे दुप्पट करायची आहे. इथे कोन बाजूला ठेवलेला नाही, झोत सरळ डिटेक्टरवर जातो, कारण ऊर्जांचा रुंद पट्टा घेऊन दोलनाची एकाहून जास्त शिखरं पाहायची आहेत.

यात भारताचा वाटा किती?

बराच. ड्यूनच्या झोतासाठी फर्मीलॅब पिप-टू हा नवा अतिवाहक त्वरक बांधते आहे. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, कोलकात्याचं सायक्लोट्रॉन केंद्र आणि दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र त्यात भागीदार आहेत. चुंबक आणि रेडिओ-लहरींचे ॲम्प्लिफायर ही त्यातली प्रत्यक्ष कामं. न्यूट्रिनो संशोधनातल्या सहकार्याचा करार दोन्ही देशांनी एप्रिल २०१८ मध्ये केला.

भारतात न्यूट्रिनोंचा झोत तयार करणारा त्वरक नाही. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात आखलेली वेधशाळा ५०,००० टन चुंबकित लोखंडाने वातावरणातले न्यूट्रिनो पाहण्यासाठी होती. तिथून झोत सोडला जाणार ही चर्चा निराधार होती. वातावरणातल्या न्यूट्रिनोंचा तर आपल्याकडे जुना वारसा आहे: कोलार सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये ते टिपले होते.

पायॉनच्या क्षयावर अवलंबून न राहता झोत करता येईल का?

एक मार्ग म्हणजे म्युऑन साठवण-वलयात फिरवून त्यांच्या क्षयातून न्यूट्रिनो मिळवणं. म्युऑनच्या क्षयाचं गणित अतिशय चोख ठाऊक आहे, त्यामुळे झोताचा अंदाजही चोख येईल. पण पायॉनमधून निघालेले म्युऑन चोहीकडे पसरलेले असतात. त्यांना २.२ मायक्रोसेकंदांच्या आयुष्यात आवरून वलयात बसवणं महाग आणि अवघड आहे.

दुसऱ्या मार्गात केऑन वापरात राहतात, पण क्षय-बोगद्याच्या भिंतीच डिटेक्टरच्या करतात. केऑनच्या एका क्षयात पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आणि इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो एकत्र निघतात. भिंतीवर आदळलेले पॉझिट्रॉन मोजले की न्यूट्रिनोही मोजल्यासारखेच. सर्नशी निगडित एनयूबेट या प्रकल्पाचं लक्ष्य अशा प्रकारे झोत १ टक्क्यापर्यंत अचूक ओळखण्याचं आहे. त्यासाठी प्रोटॉन मायक्रोसेकंदांत नाही, तर दोनेक सेकंदांवर पसरून सोडावे लागतात, नाहीतर भिंतीवर एकदम इतके कण आदळतील की ते वेगळे मोजता येणार नाहीत. हॉर्नचा प्रवाह इतका वेळ टिकत नाही, म्हणून तिथे साधे स्थिर चुंबक वापरायचे, आणि त्यांच्याने पायॉन-केऑन कमी गोळा होतात. तीव्रता कमी पडत असल्याने हा झोत शेकडो किलोमीटरवरच्या डिटेक्टरसाठी नाही. न्यूट्रिनो अणुकेंद्राशी किती वेळा टक्कर देतो हे टार्गेटजवळच, चोख मोजण्यासाठी तो आहे. हायपर-कामिओकांदे आणि ड्यून यांच्या हिशेबात सर्वांत कच्चा आकडा तोच राहणार आहे.